वाचकांचे प्रश्न : ओल, खिडकी आणि न दिसणारे रहिवासी

गेल्या अंकातील लेखात मी एक साधी गोष्ट मांडली होती. कोणतेही घर निर्जंतुक नसते आणि ते तसे असण्याची गरजही नसते. आपल्याबरोबर बाहेरच्या मातीतले आणि झाडापानांवरचे सूक्ष्मजीव राहणार, माणसांच्याच अंगावरचे आणि श्वासातले राहणार, की ओलीवर पोसलेली बुरशी राहणार, हे बरेचसे घराच्या बांधणीवर ठरते. त्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतल्या पाचांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती दीड फूट जाडीच्या, विटांच्या. २०१९च्या पुरात तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही जुना गिलावा काढून सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि ऑइलपेंट करून घेतला. तेव्हापासून दर पावसाळ्यात जमिनीपासून कमरेपर्यंत रंगाचे पोपडे निघतात आणि कपाटामागे काळी बुरशी येते. धाकट्या नातवाला दमा आहे. रंगाच्या दुकानदाराने बुरशीविरोधी रंग सुचवला आहे. तो लावावा का?

आपल्या पत्रातले दोन तपशील शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाणी छातीएवढे होते, आणि पोपडे मात्र दर वर्षी कमरेशीच थांबतात. दोष केवळ पुराचा असता, तर डाग छातीपर्यंत उमटला असता आणि वर्षागणिक फिका पडत गेला असता. दर पावसाळ्यात त्याच उंचीवर येणारी ओल बहुधा जमिनीतून चढलेली असते. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर, म्हणजे ज्याला आजचे गवंडी डीपीसी म्हणतात तो, बहुतेक वेळा नसतोच. त्यामुळे पायातले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून साधारण तीन-चार फुटांपर्यंत वर ओढले जाते. त्याच्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून गेले तरी ते भिंतीतच राहतात, आणि आपल्याकडे ज्याला लोणा लागणे म्हणतात तो प्रकार सुरू होतो. हे क्षार पावसाळी हवेतलाही ओलावा शोषून घेतात. म्हणून उन्हाळाभर कोरडी भासणारी भिंत जूनमध्ये पुन्हा पाझरू लागते.

मग पुराचा संबंध काहीच नाही का? आहे, पण तो वेगळ्या प्रकारचा आहे. पुरात भिजलेली जाड भिंत वाळायला इंचाला एक महिना लागतो, असा बांधकामातला ढोबळ आडाखा आहे. अठरा इंचांच्या भिंतीला त्या हिशेबाने दीड वर्ष हवे. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि आपण भिंत झाकली ती सहाच महिन्यांनी. पावसाळ्यानंतर घर लवकर नीटनेटके करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, त्यात आपली चूक म्हणता येणार नाही. पण सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट यांनी भिंतीचा श्वास कोंडला आणि आतले पाणी बाहेर पडायची वाट शोधत राहिले. जुलै २०२१च्या पुराने पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या पुढे नेले, तेव्हा त्या भिंतीची पुन्हा काय गत झाली असेल ते सांगायला नको.

बुरशीविरोधी रंग लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. निदान आत्ता तरी नको. बुरशीला वाढायला तीनच गोष्टी लागतात: ओलावा, सोसवेल असे तापमान आणि खायला काही. खाणे तर आपण भरपूर ठेवलेले असते, कारण प्लायवूडच्या कपाटाची पाठ, पुठ्ठ्याची खोकी, जुन्या वह्या आणि भिंतीवर साचलेली धूळही तिला चालते. तापमान आपल्या हाती नाही. उरतो ओलावा, आणि रंग तो काढत नाही, फक्त दोन-तीन वर्षे झाकतो. दमट व बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी व संसर्ग अधिक होतात आणि असलेला दमा बळावतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तेथेही उपाय म्हणून पहिला भर आहे तो ओल थांबवण्यावर.

काय करावे ते क्रमाने सांगतो. आधी खात्री करून घ्या. हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतूनच येत आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, आणि मग इलाज खिडक्यांचा करावा लागेल, भिंतीचा नव्हे. ओल भिंतीतली निघाली, तर पोपड्यांच्या वर आणखी फूटभर उंचीपर्यंत गिलावा विटांपर्यंत खरवडून काढा आणि ऑक्टोबर ते मे अशी निदान एक कोरडी मुदत भिंत उघडी राहू द्या. दिसायला वाईट दिसेल, हे खरे. बाहेरच्या अंगाला भिंतीलगत फरशी घातलेली असेल, तर त्या पट्ट्याचा उतार घरापासून दूर जाईल असा करून घ्या, आणि छताची पन्हळ भिंतीच्या पायथ्याशी सुटत असेल तर ती पुढे न्या. अर्धी ओल कित्येकदा याच दोन ठिकाणांहून येते. त्यानंतर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेती करावी. चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो, आणि तो कमालीचा अल्कधर्मी असल्यामुळे नवेपणी त्यावर बुरशीचे फारसे चालत नाही. जोत्यात नवा ओलरोधक थर भरून घेण्याचे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे आणि त्यासाठी घाई करू नये.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. आत्ता असलेली बुरशी कोरड्या ब्रशने मुळीच झटकू नका, कारण तसे केल्याने तिचे बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला मास्क बांधून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी. नातवाला त्या वेळी घरात ठेवू नये. ब्लीचिंग पावडरने काळा डाग पांढरा होतो खरा, पण सच्छिद्र गिलाव्याच्या आतली बुरशी तशीच राहते, आणि मेलेले बीजाणूही दमेकऱ्याला त्रास देतात. संडास साफ करण्याच्या आम्लात ब्लीचिंग कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : मी मिरजेत छोटे रुग्णालय चालवतो. शेजारची जागा घेऊन नवी इमारत बांधायची आहे. वास्तुरचनाकारांनी बाह्यरुग्ण विभाग व प्रतीक्षागृह पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित आणि काचेच्या दर्शनी भिंतीचे सुचवले आहे. रुग्णांनाही असेच आवडते. संसर्गाच्या दृष्टीने हे योग्य आहे का?

डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांना मी या उत्तरातून प्रथमच बाजूला काढतो. तेथे गाळलेली हवा, ठरावीक दाब आणि बंद दारेच हवीत. त्याबाबत तडजोड नको. पण खोकणारी पन्नास माणसे ज्या खोलीत दोन-दोन तास बसतात, ती खोली काचेत बंद करणे मला धोक्याचे वाटते.

पेरूची राजधानी लिमा येथे आठ रुग्णालयांतल्या सत्तर खोल्यांत केलेले एक मोजमाप २००७मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांनी खोल्यांत कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) सोडला आणि तो किती वेगाने ओसरतो यावरून हवा तासाला किती वेळा बदलते ते काढले. दारे-खिडक्या उघडल्यावर सर्वसाधारण आकडा २८ आला. यांत्रिक वायुवीजन असलेल्या खोल्यांसाठी त्यांनी धरलेला आकडा होता १२. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. १९५०पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा तासाला ४० वेळा बदलत होती, तर १९७० ते १९९०मधल्या आधुनिक इमारतींत १७ वेळा. उपचार न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात चोवीस तास घालवल्यास संसर्ग किती जणांना होईल, याचे त्यांचे गणिती अनुमान यांत्रिक खोल्यांत ३९ टक्के, नव्या खिडकीवाल्या खोल्यांत ३३ टक्के आणि जुन्या खोल्यांत ११ टक्के असे निघाले. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरीही इतका मोठा फरक दुर्लक्षून चालणार नाही. क्षयाच्या आपल्या देशातल्या ओझ्याची आपल्याला वेगळी कल्पना देण्याची गरज नाही.

२०१२मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राने हवा पुरवलेल्या खोल्यांत जिवाणूंची विविधता कमी आढळली आणि माणसाला रोग देणाऱ्या जातींच्या जवळच्या नातलगांचे प्रमाण जास्त आढळले. खिडकी उघडलेल्या खोल्यांतली हवा बाहेरच्या हवेसारखी होती. ‘नातलग’ म्हणजे रोगजंतूच असे नव्हे, आणि तेथल्या रुग्णांना त्यामुळे आजार झाला असेही त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. पण खोली बंद केली की आतल्या हवेवर माणसाचाच ठसा उमटतो, एवढे त्यातून दिसते.

यात आपल्या भागाला नवे काही नाही. पाचगणीला १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले, आणि मिरज-सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीचे नावही अशाच आरोग्यधामाशी जोडलेले आहे. क्षयावर औषध नव्हते त्या काळात जगभरच्या आरोग्यधामांचा सगळा भर हवा, ऊन आणि विश्रांती यांवर होता, आणि त्यांचे व्हरांडे ही उपचाराचीच जागा होती. स्ट्रेप्टोमायसिन आले आणि व्हरांडा हा जागेचा अपव्यय ठरला. औषधाने रोगी बरा होतो, हे आपल्याइतके कोण जाणते. पण तो निदान होण्याआधी प्रतीक्षागृहात बसलेला असतो, तेव्हा त्याच्या शेजारच्या माणसासाठी औषध काही करू शकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी: प्रतीक्षागृह काचेच्या खोलीऐवजी रुंद, छपराच्या ओसरीसारखे करावे. समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या असाव्यात आणि छतालगत सदैव उघडे राहणारे झरोके असावेत. पश्चिमेच्या झडीसाठी खोल छज्जा घ्यावा. खोकल्याचे रुग्ण ओसरीच्या वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे बाहेर पडतो त्या टोकाला बसवावेत. तपासणीच्या खोलीत आपली स्वतःची खुर्ची अशी ठेवावी की, हवा आपल्या पाठीमागच्या खिडकीतून येऊन आपल्यावरून रुग्णाकडे आणि तेथून बाहेर जाईल. खुर्ची फिरवायला पैसा लागत नाही, पण आराखडा काढतानाच खिडक्या योग्य बाजूंना नसतील तर नंतर ती फिरवून उपयोग नसतो. एअर कंडिशनर हवाच असेल, तर तो डॉक्टरांच्या खोलीत, बाहेरची हवा आत आणणाऱ्या पंख्याच्या जोडीने बसवावा.

आणखी एक गोष्ट, जी आराखड्यात नसते. जुन्या इमारतीत रुग्ण असताना शेजारी तोडफोड होणार असेल, तर मधली दारे-खिडक्या प्लास्टिकने बंद करून घ्या आणि राडारोडा ओला करून उचलायला लावा. बांधकामाच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतात.

प्रश्न : साताऱ्यात महामार्गालगत आमचा फ्लॅट आहे. धुळीमुळे आणि आवाजामुळे खिडक्या बंद ठेवून रात्रभर एसी लावतो. एसी आतली हवा बदलतोच ना? आणि एसीमुळे लिजिओनेअर नावाचा आजार होतो असे वाचले, ते खरे का?

घरगुती स्प्लिट एसी हवा बदलत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि खोलीतच सोडतो. भिंतीबाहेर जाणाऱ्या नळीतून शीतक वायू वाहतो, हवा नव्हे. हा गैरसमज इतका सर्वत्र आहे की, मला भेटलेल्या एसी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांपैकीही काहींना तो होता.

हिशेब करून पाहू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ हजार लिटर हवा. झोपलेली दोन मोठी माणसे मिळून तासाला सुमारे २४ लिटर कर्बवायू सोडतात. खोली अगदी बंद असेल, तर त्याचे प्रमाण तासाला सुमारे ७०० पीपीएमने (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) वाढेल. बाहेरच्या हवेत ते ४२० पीपीएमच्या आसपास असते. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहिली, तरी पहाटेपर्यंत आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. एवढ्या कर्बवायूने विषबाधा होत नाही. पण उच्छ्वासात तो चार टक्के असतो हे लक्षात घेतले, तर दोन हजारांचा अर्थ असा निघतो की, आपल्या दर पंचवीस श्वासांतला एक आधीच कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला आहे. घरात एकाला फ्लू झाला की दोन दिवसांत दुसरा पडतो, त्याची एक वाट ही आहे. पहाटे पाच ते सात या वेळात वाहतूक त्यातल्या त्यात कमी असते. तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. रात्री खोलीचे दार थोडे किलकिले ठेवून न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला आणि घराच्या मागच्या, रस्त्यापासून दूरच्या बाजूची एखादी खिडकी उघडी ठेवली, तरी हवा खेळती राहते.

लिजिओनेअर हा एका जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया. त्याबद्दल आपण निर्धास्त राहा. तो आजार प्रथम ओळखला गेला १९७६मध्ये, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते तेव्हा. त्याचा जिवाणू पुढच्या जानेवारीत सापडला. तो वाढतो कोमट, साचलेल्या पाण्यात, आणि त्या पाण्याचे तुषार श्वासातून आत गेले की आजार होतो. मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमध्ये असे पाणी असते, आपल्या स्प्लिट एसीत नसते. आपल्या गच्चीवर सोलर हीटर असेल आणि तुम्ही महिनाभर गावाला गेला असाल, तर मात्र परतल्यावर पहिले गरम पाणी शॉवरखाली उभे राहून न घेता बादलीत वाहू द्यावे.

प्रश्न : आमचे गाव कोरेगाव तालुक्यात आहे. घर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत आहे. मुलगा म्हणतो, गोठा हलवा, रोगराई येते. सासूबाई म्हणतात, गोठ्यातल्या वाऱ्याने मुले काटक होतात. कोणाचे खरे मानावे?

ताई, दोघांचेही थोडे थोडे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी पंथ आहेत. वंश मिळताजुळता, आहार बराचसा सारखा, दोघांकडेही गुरे. आमिश लोक जुन्या पद्धतीने शेती करतात आणि त्यांचे गोठे घराला लागून असतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची, गोठे वस्तीपासून दूर. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के दिसले. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतला एंडोटॉक्सिन हा पदार्थ जवळपास सातपट होता. लहानपणी अशा विविध जिवाणूंची ओळख झाल्याने प्रतिकारशक्ती क्षुल्लक गोष्टींवर तुटून पडायचे टाळते, असा त्याचा अर्थ लावतात. तेव्हा सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे.

पण त्यांच्या सुनेला रोज गोठ्यातले शेण काढावे लागते, हेही तितकेच खरे. जनावरांच्या शेणात धनुर्वाताचे बीजाणू असतात. गाभडलेल्या गाईच्या वारेतून आणि निरशा दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार होतो. गोमूत्र साचले की माश्या होतात. आणि घरात चुलीचा धूर कोंडत असेल, तर गोठ्याचा जो काही फायदा असेल तो त्या धुरात केव्हाच बुडतो. गोठा अंगणाच्या पलीकडे, वाऱ्याखालच्या बाजूला न्यावा. घराच्या भिंतीला चिकटून ठेवू नये. मुलांनी मात्र दिवसा खुशाल गुरांजवळ, मातीत खेळावे आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. धनुर्वाताचे इंजेक्शन सगळ्यांना, आणि आपल्याला सर्वांत आधी.

प्रश्न : विट्यात नवे घर बांधले. सगळ्या टाइल्स आणि रंग ‘जंतुरोधक’ घेतले, वास्तुशांत झाली. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी न्हाणीघर आहे, ते क्वचित वापरतो. तेथून गटाराचा वास येतो. एवढा खर्च करूनही असे का?

जंतुरोधक रंगावरचा खर्च झालाच आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अमेरिकेत एका अभ्यासात घरे बदलणाऱ्या कुटुंबांच्या मागे मागे नमुने घेतले, तेव्हा दिसले की एक-दोन दिवसांतच नव्या घराच्या फरशीवर आणि दारांच्या मुठींवर त्या कुटुंबाचे स्वतःचे जिवाणू वस्तीला आले होते. वास्तुशांतीच्या पंगती उठेपर्यंत आपल्या घरातही तेच झाले असणार, रंग कोणताही असो. दिवसा पडदे उघडे ठेवा. अंधारातल्या धुळीत सरासरी १२ टक्के जिवाणू जगण्याजोगे उरतात, तर खिडकीच्या काचेतून आलेल्या उजेडातल्या धुळीत ते सुमारे ७ टक्के, असे ओरेगॉन विद्यापीठातल्या एका प्रयोगात २०१८मध्ये दिसले आहे.

वासाचे कारण रंगात नाही, नहाणी ट्रॅपमध्ये आहे. फरशीतल्या जाळीखालच्या त्या भांड्यात दोनेक इंच पाणी सतत उभे असते, आणि गटारातली हवा घरात येण्यापासून तेच अडवते. न्हाणीघर वापरले नाही, तर आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते पाणी काही आठवड्यांत उडून जाते. मग एक्झॉस्ट पंखा लावला की तो गटारातलीच हवा वर ओढतो. २००३मध्ये हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाचे तीनशेहून अधिक रुग्ण झाले, त्यामागे असे कोरडे पडलेले ट्रॅप आणि न्हाणीघरांतले पंखे होते, असा तेथल्या चौकशीचा निष्कर्ष होता. दर रविवारी त्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. महिनाभर वरच्या मजल्यावर कोणी जाणार नसेल, तर पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडा. पाणी लवकर उडत नाही. आणि एकदा जाळी उचलून पाहा, कारण बांधकामाच्या वेळी गवंड्याने ट्रॅपमध्ये सिमेंटची पोती कोंबलेली असतात आणि ती काढायची राहून जातात.